इंडिकेटर बिघडला? फ्लॅशर बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

मोटरसायकलचा इंडिकेटर बंद पडला की बहुतेक वेळा पहिला बळी फ्लॅशरचा, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या छोट्या डबीचा, जातो. नवा फ्लॅशर बसतो, दोन दिवस गाडी नीट साइड दाखवते आणि पुढच्या सरीला पुन्हा तेच. कारण दोष तिथे नव्हताच. तो होल्डरच्या तळाशी साचलेल्या हिरव्या क्षारात होता, नाहीतर सैल पडलेल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे विजेच्या परतीच्या जोडणीत. मुंबईत हे जास्तच घडतं. हवा खारी, गाडी बाराही महिने उघड्यावर, चार महिने पाऊस, आणि वर खड्ड्यांचे हादरे. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी लक्षण ओळखा, मग बल्ब आणि होल्डर, मग अर्थिंग, आणि त्यानंतर फ्लॅशर व स्विच.

वीज जाते कशी

बॅटरीतून निघालेली वीज मेन फ्यूज आणि चावीच्या स्विचमधून फ्लॅशरपर्यंत येते. फ्लॅशर ती तोडत-जोडत पुढे डाव्या हँडलवरच्या इंडिकेटर स्विचला देतो. तिथे वाट फुटते: डावीकडचे दोन बल्ब किंवा उजवीकडचे दोन. बल्बमधून वीज अर्थिंगच्या वायरने किंवा गाडीच्या चॅसिसमधून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येते.

निम्मं निदान इथेच होतं. स्विचच्या आधीचा रस्ता दोन्ही बाजूंना सामाईक आहे, तर स्विचनंतर प्रत्येक बाजूचा वेगळा. चारही बल्ब बंद असतील तर दोष सामाईक भागात शोधायचा. एकच बाजू बंद असेल तर फ्लॅशर निर्दोष आहे, कारण दुसरी बाजू तोच चालवतोय. एकच बल्ब बंद असेल तर त्या बल्बच्या दांड्यापलीकडे जायची सहसा गरजच पडत नाही.

सामान

साधा डिजिटल मल्टीमीटर, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, सीट आणि बॅटरीसाठी १० चा पाना, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पेट्रोलियम जेली, मीटरभर वायर आणि एक जादा बल्ब. मल्टीमीटर नसेल तर १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन लांब वायरी जोडा, टेस्ट लॅम्प तयार. मीटर, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), रेझिस्टर (करंट अडवणारा भाग) असलं सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एकाच फेरीत मिळतं.

एक सूचना आधीच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जाणाऱ्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. तो मीटरच्या मानाने खूप जास्त करंट ओढतो. तिथे फक्त मीटर वापरा.

आधी बॅटरी

इंजिन बंद ठेवून, गाडी तासभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ ला ती अर्धी रिकामी झालेली असते. १२ च्याही खाली असेल तर आधी चार्ज करा, पुढची तपासणी नंतर. इंजिन चालू असताना रेस थोडी वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

इंडिकेटर रेस दिल्यावर चालतो आणि सिग्नलला उभं राहिल्यावर मंदावतो किंवा नुसता पेटून राहतो, ही कमजोर बॅटरीची ठळक खूण आहे. हॉर्नही घसा बसल्यासारखा वाजेल. मात्र हेडलाइट झकास लागतोय म्हणून बॅटरी चांगली आहे असं समजू नका. आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या कॉइलवर चालतो, त्याचा बॅटरीशी संबंधच नसतो.

लक्षण काय सांगतं

चारही बंद, हॉर्न आणि ब्रेक लाइटही बंद: फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल किंवा चावीचा स्विच.

चारही बंद, पण हॉर्न वाजतोय: फ्लॅशर, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) किंवा इंडिकेटर स्विच. काही गाड्यांत इंडिकेटरला वेगळा फ्यूज असतो, तोही पाहून घ्या.

एक बाजू पूर्ण बंद: बहुधा स्विचमधला त्या बाजूचा काँटॅक्ट. दोन्ही बल्ब एकदम जाणं क्वचितच घडतं.

एक बाजू नेहमीपेक्षा भराभर लुकलुकते, किंवा लुकलुकायचं सोडून नुसती पेटून राहते: त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा त्याचा काँटॅक्ट सुटलाय. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर अशा वेळी मुद्दाम वेग वाढवतात, म्हणजे चालवणाऱ्याला कळावं. जुन्या, पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरला निम्म्या लोडवर पुरेसा करंट मिळत नाही, त्यामुळे तो मंदावतो किंवा अडकतो.

इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच तालात मंद-तेज होते, किंवा ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणतो: अर्थिंग. विजेला परतीची वाट मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते.

हँडल वळवलं की बंद, सरळ केलं की चालू: हेडलाइटच्या मागून चॅसिसकडे जाणाऱ्या वायरिंगमधली तुटलेली तार.

बल्ब आणि होल्डर

काचेचे स्क्रू काढा. बल्ब आत दाबून घड्याळाच्या उलट्या दिशेने थोडा फिरवला की सुटतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. फिलामेंट अखंड दिसूनही टोकाला सुटलेली असू शकते, खड्ड्यांच्या रस्त्यावर तर नेहमीच. मीटर ओहमवर ठेवून बल्बचा तळ आणि पितळी कडा तपासा. १० वॅटचा चांगला बल्ब थंड असताना एक-दोन ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच न दाखवणारा बल्ब गेलेला. काच आतून काळपट झाली असेल तर तो चालत असला तरी बदला.

नवा बल्ब घेताना वॅट जुळले पाहिजेत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत १० वॅटचे बल्ब असतात; खात्रीसाठी जुन्या बल्बवर किंवा काचेच्या आत छापलेलं पाहा. जास्त उजेड पडावा म्हणून २१ वॅटचा बल्ब बसवणं चुकीचं आहे. प्लास्टिकची काच मऊ होऊन वाकते, वायरी तापतात आणि फ्लॅशरचा वेगही बिघडतो. पारदर्शक काचेच्या इंडिकेटरमध्ये केशरी बल्ब लागतो, आणि त्याच्या दोन पिना सहसा समोरासमोर नसून थोड्या तिरक्या असतात. साधा बल्ब त्यात ठोकून बसवला तर होल्डर कायमचा सैल होतो.

आता होल्डर नीट पाहायचा. मुंबईतले बरेचसे बिघाड इथे सापडतात, म्हणून इथे घाई नको. मोबाइलच्या टॉर्चने आत डोकावा. तळाला मधोमध पितळेचं छोटं टोक दिसेल, खाली स्प्रिंग. त्यावर हिरवी-पांढरी पूड किंवा तपकिरी गंज असेल तर बल्ब नवा असूनही पेटणार नाही, किंवा हादऱ्यागणिक पेटेल-विझेल. चावी बंद करा. पॉलिश पेपरची बारीक पट्टी पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळून ते टोक आणि होल्डरची आतली भिंत चकाकेपर्यंत घासा. मग काँटॅक्ट क्लीनर मारा आणि पाच मिनिटं वाळू द्या. बोटाने मधलं टोक दाबून पाहा: ते उसळून वर आलं पाहिजे. खाली रुतून बसलेलं टोक बारीक पकडीने हलकेच वर ओढा; स्प्रिंगच गंजून मेली असेल तर होल्डर बदलणं बरं. जुन्या बल्बचा तळही पाहा. शिशाचा ठिपका झिजून सपाट झालेला असतो, तो टोकापर्यंत पोहोचतच नाही. शेवटी बल्बच्या पितळी कडेला पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या. थापू नका.

काच परत बसवताना पाणी निघायचं भोक खालच्या बाजूला आलं पाहिजे. ती उलटी बसवली किंवा सगळीकडून सिलिकॉन भरून ती बंद केली, तर आत गेलेलं पाणी तिथेच साठून होल्डर सडवतं.

अर्थिंग

बल्ब चांगला, होल्डर स्वच्छ, तरी उजेड नाही. आता एक वायर घ्या, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. इंडिकेटर चालू करून दुसरं टोक होल्डरच्या बाहेरच्या धातूला टेकवा. बल्ब पेटला तर अर्थिंग खराब, प्रश्न मिटला.

मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. डीसी व्होल्टवर लाल टोक होल्डरच्या धातूला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब पेटलेल्या क्षणी ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. एक व्होल्ट किंवा जास्त दिसत असेल तर मधे कुठेतरी गंज आहे, बल्ब पेटत असला तरी.

धातूच्या दांड्याच्या काही जुन्या इंडिकेटरला एकच वायर येते, परतीचा रस्ता म्हणजे दांडा आणि त्याचा नट. मडगार्डला नवा रंग दिल्यावर इंडिकेटर बंद पडतो तो यामुळे: नटखाली रंग आला. नट काढून तेवढी जागा खरवडा, दात्यांचा वॉशर घाला आणि कसा. रबरी किंवा प्लास्टिकच्या दांड्यांना दोन वायरी असतात. होंडाच्या आणि जुन्या हिरो होंडाच्या गाड्यांत अर्थिंग हिरवी, डावी बाजू नारिंगी, उजवी फिकट निळी आणि फ्लॅशरकडून स्विचला येणारी करडी, असा रिवाज आहे. यामाहात अर्थिंग काळी, डावी चॉकलेटी, उजवी गडद हिरवी. इतर कंपन्यांचे रंग वेगळे आहेत, तेव्हा फक्त रंगावर भरवसा ठेवून वायर कापू नका.

फ्लॅशर

तो सीटखाली, साइड पॅनलमागे, टाकीखाली किंवा हेडलाइटच्या डब्यात असतो. इंडिकेटर देऊन टकटक आवाजाचा मागोवा घ्या. बंद असेल तर स्विचची करडी किंवा तत्सम वायर पकडून मागे जा. फ्लॅशरच्या अंगावर बी आणि एल ही अक्षरं असतात: बी म्हणजे येणारी वीज, एल म्हणजे बल्बकडे जाणारी. तिसरी पिन असेल तर ई, म्हणजे अर्थिंग. काहींवर ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात. अर्थ त्याच क्रमाने तोच.

चावी चालू करून कपलरच्या बी वायरवर १२ व्होल्टच्या आसपास येतात का ते पाहा. येत नसतील तर फ्लॅशर बिचारा उपाशी आहे, मागे फ्यूजकडे चला. येत असतील तर चावी बंद करून फ्लॅशर काढा आणि कपलरमधल्या बी आणि एल यांना वायरचा तुकडा जोडा. त्यात ५ अँपियरचा फ्यूज घातला तर उत्तम, कारण पुढे शॉर्ट असेल तर तो तुकडा हातात तापेल. चावी चालू, डावा इंडिकेटर द्या. दोन्ही बल्ब न लुकलुकता स्थिर पेटले, तसेच उजवीकडेही, तर बाकी सगळं वायरिंग ठीक आहे आणि आता फ्लॅशर बदलायला हरकत नाही. काहीच पेटलं नाही तर नवा फ्लॅशर आणूनही काहीच होणार नाही, दोष बहुधा स्विचमध्ये आहे.

तीन पिनांचा फ्लॅशर फेकण्याआधी ई वायरची अर्थिंगही तपासा. ती तुटली की चांगला फ्लॅशरसुद्धा मुका बसतो. नवा घेताना जुना दुकानात न्या. पिनांची संख्या, जागा आणि वॅट, तिन्ही जुळले पाहिजेत. १० वॅटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टला साधारण १.७ अँपियर घेतात, फ्लॅशर त्या हिशोबाने बनलेला असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवर बी आणि एल उलटे लागले तर तो चालणार नाही, कदाचित जळेलही.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सुटा फ्लॅशरच नाही. ते काम मीटर कन्सोल (हँडलवरचा स्पीडोमीटरचा पॅनल) किंवा दुसरं एखादं कंट्रोल युनिट करतं. तिथे वायर जोडून पाहण्याचा प्रयोग मुळीच करू नका. बल्ब, होल्डर, अर्थिंग आणि स्विच एवढंच तपासा आणि पुढचं सर्व्हिस सेंटरवर सोपवा. वॉरंटी असेल तर वायरिंगला ब्लेड लावू नका.

हँडलवरचा स्विच

इंडिकेटर एका बाजूला चालतो, दुसरीकडे बटण दोन-तीनदा हलवल्यावर लागतो, तेव्हा स्विचमध्ये कार्बन आणि चिखल साचलाय. आधी न खोलता प्रयत्न करा. चावी बंद करून बटणाच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनर मारा आणि बटण डावी-उजवीकडे वीस-पंचवीस वेळा हलवा. बरेच स्विच एवढ्यावर सुटतात. डब्ल्यूडी-४० ने तात्पुरतं जमतं, पण तो तेलकट थर मागे ठेवतो आणि धूळ चिकटते.

खोलायचाच तर खाली जुनं पांढरं कापड अंथरा. स्विचचे दोन अर्धे वेगळे करताना आतून ज्वारीच्या दाण्याएवढी स्टीलची गोळी आणि तिच्यामागची स्प्रिंग उडते. ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये हरवली की नवाच स्विच घ्यावा लागतो. उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, गोळीच्या घळीत ग्रीसचा एक थेंब, काँटॅक्टवर पेट्रोलियम जेलीचा पुसट हात. मग मीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून फ्लॅशरकडून येणारी वायर आणि डावी, मग उजवी तपासा. बटण वळवताच बीप यायला हवा, बटण हलकेच डगमगवलं तरी तो तुटता कामा नये.

वायरिंग, उंदीर आणि फ्यूज

वायर आतून तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, म्हणून ती दिसत नाही. इंडिकेटर चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा, वायरींचा जुडगा हाताने हलवा, मागच्या मडगार्डखालची वायर ओढून पाहा. ज्या क्षणी ताल बिघडेल तिथे दोष. डिलिव्हरीची मोठी बॅग किंवा साइड बॉक्स लावलेल्या गाड्यांत मागचे दांडे सतत दाबले जातात आणि वायर मुळाशी तुटते. इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांची सीटखालची वायर उंदीर कुरतडतात. सीट उचलून लेंड्या दिसल्या तर संपूर्ण जुडगा बारकाईने पाहा. जोड देताना नुसतं पिळून टेप गुंडाळू नका, पहिल्या पावसात तो जोड हिरवा पडतो. सोल्डर करा आणि गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा.

इंडिकेटर देताच फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकणं म्हणजे वायरिंगला आग लावायची तयारी. त्याऐवजी फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब दोन वायरींनी जोडा आणि गाडीच्या हेडलाइटचा कपलर काढून ठेवा. चावी चालू करून दोषी बाजूचा इंडिकेटर द्या. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि तोच करंट मर्यादित ठेवत असल्याने काही जळत नाही. आता त्या बाजूचे कपलर एकेक करून सुटे करा. ज्या कपलरला बल्ब एकदम मंदावला, शॉर्ट त्याच्या पुढे. इंडिकेटरबरोबर वाजणारा बजर लावलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या, त्यात पाणी शिरलेलं असतं.

एलईडी लावल्यावरचे घोळ

एलईडी इंडिकेटर एक-दोन वॅटवर चालतो. फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाय, म्हणून तो भराभर लुकलुकतो किंवा मुळीच चालत नाही. यावर योग्य उपाय म्हणजे एलईडीसाठीचा फ्लॅशर, ज्याचा वेग लोडवर अवलंबून नसतो. दुकानदार प्रत्येक बाजूला १० ओहमचा रेझिस्टर सुचवतात. त्यानेही काम होतं, पण तो चालू असताना वीस वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. लावलाच तर २५ वॅट किंवा वरचा, ॲल्युमिनियमच्या आवरणाचा घ्या आणि धातूच्या पट्टीवर कसा. प्लास्टिकला किंवा वायरीला टेकू देऊ नका.

दुसरा घोळ जास्त चकवतो: डावा दिला तरी चारही लुकलुकतात. कन्सोलवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असलेल्या गाड्यांत तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधे जोडलेला असतो. साध्या बल्बना त्यातून येणारा चिमूटभर करंट पुरत नाही, एलईडीला मात्र पुरतो. दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवा. प्रत्येक वायरीला एक १एन४००७ डायोड लावा, त्याच्या अंगावर छापलेल्या पट्टीची बाजू दिव्याकडे. दोन्ही डायोडची ती टोकं एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला जोडा, दुसरं टोक अर्थिंगला.

रंग मात्र केशरीच हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १०२ नुसार इंडिकेटर केशरी असावा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. निळे-पांढरे एलईडी रात्री पावसात मागच्या बसचालकाला इंडिकेटर म्हणून ओळखूच येत नाहीत.

काम झाल्यावर

घड्याळ लावून १५ सेकंद मोजा. १५ ते ३० लुकलुका आल्या पाहिजेत. इंजिन बंद आणि चालू, दोन्ही वेळी पाहा. इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबा, हॉर्न वाजवा, हँडल पूर्ण वळवा. ताल बदलता कामा नये. मग बाटलीभर पाणी स्विचवर आणि चारही काचांवर ओता, दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. हे मे महिन्यातच उरका. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर त्याच आठवड्यात मागच्या दोन काचा उघडून होल्डर वाळवा. गाडी धुताना प्रेशरची धार इंडिकेटरच्या दांड्यावर आणि स्विचवर थेट मारू देऊ नका.